तबल्याची पुडी आणि हिरवी कडी

दिवा घालवल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच दिसायचं नाही. खिडक्यांना काळं कापड, दाराच्या फटीशी दुमडून लावलेली जुनी सतरंजी, आणि टेबलाभोवती दाटीवाटीनं उभी असलेली पाच-सहा मुलं. मग टेबलावरच्या, इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या काचेच्या ट्यूबच्या मागच्या टोकाला फिलामेंटचा तांबूस उजेड डोळ्यांना जाणवायला लागायचा. मी हाय टेन्शनचा नॉब सावकाश वर न्यायचे. अडीच-तीन हजार व्होल्टच्या आसपास काचेच्या फुग्यावर आतून एक हिरवा ठिपका उमटायचा आणि त्याच्याभोवती दोन कडी. एक लहान, एक मोठं. फिकट, कडेला जराशी विरघळलेली, पण अगदी गोल.

नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं असिस्टंट होते. गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. शिकवायचं काम सरांचं. उपकरणं काढायची, जोडायची, पुसायची, फ्यूज बदलायचे, रीडिंग येत नसेल तर वायर हलवून बघायची, हे माझं. पण अंधारात उभं असलेलं पोर शेजारी जो असेल त्यालाच विचारतं, आणि शेजारी मी असायचे. "ताई, ही कडी कशी काय येतात?"

पहिली दहा-बारा वर्षं मी या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं. मी सांगायचे की इलेक्ट्रॉन सरळ जात नाही, सापासारखा नागमोडी जातो, म्हणून त्याला तरंग म्हणतात. एका गाइडमध्ये तसं चित्रच होतं. एक गोळी, तिच्यामागं वळवळती रेघ आणि पुढं बाण. मुलांना ते लगेच पटायचं, मलाही पटलेलं होतं. आज ज्यांनी बारावीनंतर फिजिक्स सोडलं अशा कुणालाही विचारा, निम्म्यांच्या डोक्यात हाच साप असतो. तो साप काढायला मला फार वर्षं लागली. ती कशी लागली, हे एकदा नीट लिहून ठेवायचं होतं.

पहिली गोष्ट छत्रीची.

जुलैतली संध्याकाळ होती. सीबीएसला निमाणीच्या बसची वाट बघत उभी होते. पाऊस तिरका येत होता म्हणून छत्री पुढं कलती धरलेली, आणि तिच्या काळ्या कापडातून रस्त्यापलीकडचा सोडियमचा दिवा दिसत होता. दिवा एकच, पण मला दिसत होते पुष्कळ. मधे एक ठसठशीत, आणि त्याच्या चारी बाजूंना अधिकच्या चिन्हासारखे ओळीनं मांडलेले लहान लहान दिवे. डोळे पुसून पाहिलं, तरी तसंच. सहज छत्रीची दांडी फिरवली तर मधला दिवा जागच्या जागी आणि ठिपक्यांची ती फुली छत्रीबरोबर गोल फिरली.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, हेच तर डिफ्रॅक्शन. आपल्या ट्यूबमध्येही हेच होतंय." पुस्तकात याला विवर्तन म्हणतात. छत्रीच्या कापडात उभे-आडवे धागे असतात, दोन धाग्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. प्रकाशाचा तरंग त्या बारीक जाळीतून जातो तेव्हा प्रत्येक भोकातून निघालेला तरंग दुसऱ्या भोकातल्या तरंगाला भेटतो. काही दिशांना लाटेचा माथा माथ्यावर येतो, तिथं उजेड. काही दिशांना माथा खळग्यात पडतो, तिथं अंधार. आता तिथं पांढरे एलईडी लागलेत आणि त्यात आणखी छान दिसतं, कारण प्रत्येक ठिपक्याला रंगाची शेपटी असते. निळा आतल्या बाजूला, तांबडा बाहेर. तांबड्याची तरंगलांबी, म्हणजे लाटेच्या दोन माथ्यांमधलं अंतर, मोठी, म्हणून तो जास्त लांब फेकला जातो.

मग फुलीची कडी कशी होतात? छत्री फिरवली तेव्हा फुली फिरली होती. आता कल्पना करा की छत्रीच्या कापडाचे हजारो बारके तुकडे आहेत आणि प्रत्येक वेगळ्या कोनात चिकटवलाय. हजार फुल्या एकमेकींवर चढल्या की ठिपक्यांची कडीच होणार. ट्यूबमध्ये जाळीवर ग्राफाइटचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, पेन्सिलीच्या शिशात असतं तेच ग्राफाइट. त्यात असंख्य सूक्ष्म स्फटिक वाटेल तसे पडलेले असतात आणि प्रत्येक स्फटिकात अणूंच्या ओळी असतात, धाग्यांसारख्या. आपल्याला जी दोन कडी दिसतात ती त्यातल्या दोन अंतरांची, ०.२१३ आणि ०.१२३ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

म्हणजे इलेक्ट्रॉनला छत्री लागते ती अणूंची. कापडाची चालत नाही, कारण त्याची तरंगलांबी फार लहान.

किती लहान ते काढायचा मार्ग लुई द ब्रॉयली या फ्रेंच माणसानं १९२४ साली आपल्या प्रबंधात दिला. मूळचा इतिहासाचा विद्यार्थी, पहिल्या महायुद्धात आयफेल टॉवरवरच्या बिनतारी केंद्रात काम केलेला. त्याचं म्हणणं असं की प्रकाश जर कधी तरंगासारखा तर कधी कणासारखा वागतो, तर ज्याला आपण कण म्हणतो त्यालाही तरंग असला पाहिजे. तरंगलांबी म्हणजे प्लँकचा स्थिरांक, एक ठरलेला अतिशय लहान आकडा, भागिले संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. इलेक्ट्रॉनसाठी सर एक सोपी युक्ती सांगायचे. १२.२७ ला व्होल्टच्या वर्गमूळानं भागा, उत्तर अँगस्ट्रॉममध्ये येतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक. ४,००० व्होल्टला येतं ०.१९४. या युक्तीवर मुलांचा विश्वास बसायचा तो व्हर्निअर, म्हणजे बारीक मोजायची पट्टी, हातात घेतल्यावरच. आमच्या ट्यूबला ४,००० व्होल्टला आतल्या कड्याचा व्यास २५ मिलिमीटरच्या आसपास भरायचा, बाहेरच्याचा ४३ च्या. ५,००० ला नेलं की २२ आणि ३८. व्होल्ट वाढवले, इलेक्ट्रॉनचा वेग वाढला, तरंगलांबी आखूड झाली, कडी आवळली. कागदावर गणित केलं तर तेच आकडे.

द्राक्षाला तरंग का नाही, असं निफाडच्या एका मुलानं विचारलं होतं. आहे. पाच ग्रॅमचा मणी सेकंदाला दोन मीटर वेगानं फेकला तर त्याची तरंगलांबी येते ६.६ गुणिले १० चा उणे ३२ वा घात, मीटरमध्ये. अणूचं केंद्रकसुद्धा १० चा उणे १५ वा घात मीटरच्या आसपास असतं. इतक्या लहान तरंगाला पुरेल अशी छत्री जगात नाही.

आणि आता चुंबक. हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा, कारण तो करायला सर मलाच सांगायचे. मोडक्या स्पीकरमधून काढलेलं एक गोल लोहचुंबक माझ्या खणात असायचं. अंधारात ते हळूच ट्यूबजवळ न्यायचं. मधला ठिपका आणि त्याच्याभोवतीची दोन्ही कडी, अख्खी नक्षीच्या नक्षी एका बाजूला सरकते. चुंबक फिरवलं की दुसऱ्या बाजूला. मुलांच्या तोंडून हमखास "आईशप्पथ!" निघायचं. छत्रीतल्या दिव्याला चुंबक दाखवून बघा, ढिम्म हलणार नाही. म्हणजे ही कडी प्रकाशाची नाहीत आणि क्ष-किरणांचीही नाहीत. जे चुंबकानं वळतंय ते विद्युतभार असलेलंच काहीतरी आहे, वस्तुमान असलेलं, मोजता येणारं, आणि तेच जाळीतून गेल्यावर लाटेसारखं पसरतंय. दोन्ही गोष्टी एकाच काचेवर, एकाच वेळी.

पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवून अशी कडी मिळवली ती जॉर्ज पॅजेट टॉमसन यांनी, १९२७ साली स्कॉटलंडमधल्या अबर्डीनला. त्यांचे वडील जे. जे. टॉमसन, ज्यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधला. वडिलांना १९०६ चं नोबेल, मुलाला १९३७ चं, आणि मुलाचं नोबेल झालं तेव्हा वडील हयात होते.

पण मुलाबरोबर त्याच वर्षी ज्यांना अर्धं नोबेल मिळालं त्या डेव्हिसन यांची गोष्ट मला जास्त जवळची आहे, आणि त्याला कारण माझ्या हातून झालेलं एक नुकसान.

प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. ट्यूबच्या सूचनापत्रात ठळक लिहिलेलं असतं की प्रवाह ०.२ मिलिअँपिअरच्या वर जाऊ द्यायचा नाही, पापुद्रा तापतो. हे बघायचं काम माझं. पलीकडच्या टेबलावर एकाचा सोडियम दिवा लागेना म्हणून मी फ्यूज आणायला गेले. परत आले तेव्हा ट्यूबच्या आत पापुद्र्याची जागा मंद लाल दिसत होती. धावत जाऊन नॉब खाली आणला. थोडं थांबून परत सुरू केलं. हिरवा ठिपका आला, चांगला ठळक आला. कडी आली नाहीत. पापुद्र्याला भोक पडलं होतं. इलेक्ट्रॉन तसेच निघत होते, तसेच काचेवर आदळत होते, पण त्यांच्या वाटेतली छत्री जळून गेली होती. त्या मुलीला सरांनी मागच्या वर्षीच्या रीडिंगवर गणित करू दिलं. मी त्या रात्री जेवले नाही.

नंतर सरांनी मला डेव्हिसनची गोष्ट सांगितली, बहुधा माझं तोंड बघून. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर निकेलच्या तुकड्यावर इलेक्ट्रॉन मारून ते कसे उसळतात ते मोजत होते. १९२५ साली तिथं द्रवरूप हवेची बाटली फुटली, निर्वात नळी तडकली, गरम निकेलला हवा लागली आणि त्यावर ऑक्साइड चढलं. तो थर काढायला त्यांनी निकेल पुष्कळ वेळ तापवलं. काम पुन्हा सुरू केलं तर इलेक्ट्रॉन आधीसारखे उसळेनात, काही ठरावीक दिशांनाच जास्त यायला लागले. कारण तापवल्यामुळं निकेलमधल्या असंख्य बारक्या स्फटिकांचे मोजकेच मोठे स्फटिक झाले होते, म्हणजे अणूंच्या ओळी लांबवर एका रांगेत आल्या होत्या. याचा अर्थ काय ते लगेच कुणाला कळलं नाही. १९२६ च्या उन्हाळ्यात डेव्हिसन ऑक्सफर्डच्या एका सभेला गेले, तिथं मॅक्स बॉर्न या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांच्या बोलण्यात त्यांचेच आकडे आले, द ब्रॉयलीच्या तरंगांचा पुरावा म्हणून. परत गेल्यावर त्यांनी मुद्दाम एकाच स्फटिकाचं निकेल घेऊन काम केलं. १९२७ साली ५४ व्होल्टला, ५० अंशांच्या कोनात, इलेक्ट्रॉनच्या संख्येचा उंचवटा मिळाला. द ब्रॉयलीच्या सूत्रानं तरंगलांबी १.६७ अँगस्ट्रॉम, निकेलच्या ओळींवरून काढलेली १.६५.

तिथं अपघातानं जाळी तयार झाली आणि तरंग दिसला. आमच्याकडं अपघातानं जाळी गेली आणि तरंग दिसेनासा झाला. पण मला त्या जळक्या ट्यूबनं एक गोष्ट शिकवली. साप खरा असता, इलेक्ट्रॉन स्वतःच नागमोडी वळवळत जात असता, तर पापुद्रा नसतानाही त्याची काहीतरी खूण काचेवर दिसली असती. नुसता ठिपका आला. कडी इलेक्ट्रॉनच्या चालीत नव्हतीच, ती तरंग आणि जाळी यांच्या भेटीतून आलेली होती.

नवीन ट्यूब यायला दोन वर्षं लागली. खरेदीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि दोन वर्षांची मुलं ती कडी न बघताच पास होऊन गेली. याचं मला अजून वाईट वाटतं. त्या दोन वर्षांत मी लेझर आणि छत्रीचं कापड घेऊन जमेल तसं दाखवत राहिले.

नवीन ट्यूब आली त्या वर्षी सुरगाण्याहून आलेली एक मुलगी होती. फारसं बोलायची नाही. चुंबक दाखवून झालं, बाकीची मुलं बाहेर गेली, ही थांबली. म्हणाली, "ताई, हे कडं सगळ्या इलेक्ट्रॉननी मिळून केलंय का एकेकानं?"

मी म्हटलं, "म्हणजे गं?"

"म्हणजे पाण्याची लाट कशी, एक थेंब लाट करत नाही. पुष्कळ थेंब एकमेकांना ढकलतात तेव्हा लाट होते. तसे हे एकमेकांना ढकलून गोल बसतात का?"

मला उत्तर येत नव्हतं. आमच्या ट्यूबमधून सेकंदाला कित्येक लाख कोटी इलेक्ट्रॉन जातात, तेव्हा तिची शंका रास्तच होती. आम्ही दोघी सरांकडं गेलो. सरांनी कॉम्प्युटरवर जपानमधल्या एका प्रयोगाची चित्रं दाखवली. हिताची कंपनीतले अकिरा तोनोमुरा आणि त्यांचे सहकारी, साल १९८९. त्यांनी इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की सेकंदाला साधारण हजारच. ऐकायला हजार पुष्कळ वाटतात, पण ५०,००० व्होल्टला इलेक्ट्रॉनचा वेग एवढा असतो की दोन इलेक्ट्रॉनमधलं अंतर शंभर किलोमीटरच्या वर जातं. सरांनी हिशेब करून सांगितलं, "पुढचा इलेक्ट्रॉन कल्याणजवळ पोचतो तेव्हा मागचा नाशिकरोडहून निघतो. आणि उपकरण तर एका खोलीत मावतं." म्हणजे आत एका वेळी एकच. ढकलायला दुसरा कुणी नाहीच.

पडद्यावर काय दिसलं, तर आधी ठिपके. एक इथं, एक तिथं, रात्रीच्या आभाळात विखुरल्यासारखे. दहा ठिपक्यांत काही कळत नाही. शंभरातही नाही. काही हजार झाले की डोळ्याला शंका येते की काही पट्टे दाट आहेत, काही विरळ. ७०,००० च्या चित्रात स्वच्छ पट्टे उभे राहतात, उजेड-अंधार, उजेड-अंधार. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा आला, एकाच जागी आदळला, अख्खा आदळला, अर्धामुर्धा कुणीच पसरला नाही. तरी अंधाराच्या पट्ट्यात कुठं पडायचं नाही हे जणू प्रत्येकाला ठाऊक होतं.

ती मुलगी पुष्कळ वेळ चित्राकडं बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे लाट इलेक्ट्रॉनची नाही. तो कुठं सापडेल, त्याची लाट आहे."

सर खुर्चीतून उठले. म्हणाले, "बॉर्न यांनी १९२६ साली हेच सांगितलं." तरंगाची उंची जिथं जास्त, तिथं इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त. नेमकं सांगायचं तर उंचीचा वर्ग घ्यायचा. उंची शून्य, तर तिथं तो कधीच सापडत नाही.

डोक्यातला साप त्या दिवशी मेला. पण त्याच्या जागी काय ठेवायचं ते मला मिळालं नव्हतं. ते मिळालं अण्णांकडं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भद्रकालीच्या मागच्या गल्लीत तबले आणि ढोल दुरुस्त करायचे. पुड्या, म्हणजे तोंडावरचं चामडं, चढवणं, शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, भरणं, वाद्या ओढणं, गणपतीच्या आधी दीड महिना ढोलांची पानं बदलणं. श्रावण-भाद्रपदात आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. मी त्या चामड्याच्या वासात वाढले, पण वाजवायला कधी शिकले नाही. त्या रविवारी गेले तेव्हा ते एका तबल्याला गठ्ठे ठोकून सुरात आणत होते. चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठच्या पट्टीवर, बोट मारून कान लावायचे, परत एक ठोका. मी विचारलं, "अण्णा, 'ना' हा बोल वाजवताना ते तिसरं बोट शाईवर कशाला टेकवतात?"

"टेकवत नाहीत. नुसतं ठेवतात," ते म्हणाले. त्यांनी अनामिका शाईच्या कडेला अलगद ठेवली, तर्जनीनं चाटेवर मारलं. ना. स्वच्छ, गोड. मग बोट उचलून मारलं, तर आत काहीतरी घुमलं. "हे घुमणं नको असतं. बोट ठेवलं की घुमणारा आवाज मरतो, 'ना' तेवढा जगतो."

"आणि 'ना' का मरत नाही? बोट तर त्याच्याही पुडीवर आहे."

"कारण 'ना' वाजताना पुडी तिथं हलतच नाही. जिथं हलत नाही तिथं बोट ठेवलं तर कुणाला कळणार?"

अण्णा सातवी शिकलेले. मी उठून स्वयंपाकघरातून चिमूटभर बारीक रवा आणला आणि म्हटलं, हा पुडीवर टाकू का? ते आधी रागावले, शाईत रवा अडकतो म्हणून. मग एक जुनी पुडी असलेला तबला पुढं सरकवला. बोट ठेवून ते चाटेवर मारत राहिले, एकाच जागी, एकसारखं. रवा उडत-उडत सरकला आणि हळूहळू मधून एक वाकडीतिकडी रेघ उरली. रेघेच्या अलीकडची पुडी वर जाते तेव्हा पलीकडची खाली, आणि रेघेवर काहीच हालचाल नाही, म्हणून रवा तिथं जमतो. निस्पंद रेषा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तबला-मृदंगाच्या पुडीवर बारीक वाळू टाकून अशाच रेघा पाहिल्या होत्या, हे मला नंतर कळलं. शाईमुळं आपल्या वाद्यांचे वरचे स्वर मूळ स्वराशी कसे जुळतात, ते त्यांनी १९२० आणि १९३४ सालच्या लेखांत मांडलं. अण्णांना ते सांगितल्यावर त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

त्या रेघेकडं बघताना मला जे सुचलं ते असं. पुडी सगळ्या बाजूंनी गजऱ्यात, म्हणजे काठाच्या चामडी वेणीत, करकचून बांधलेली आहे, काठाला तिला हलता येत नाही. म्हणून ती वाटेल तशी थरथरू शकत नाही. काठाला जुळतील असे मोजकेच आकार तिला जमतात. एकात सगळी पुडी मिळून वर-खाली, हे घुमणं. एकात मधे एक रेघ. एकात दोन रेघा. मधलं काही नाही. इलेक्ट्रॉन अणूत असतो तेव्हा केंद्रकाच्या ओढीनं तोही असाच बांधलेला असतो, आणि त्याच्या तरंगालाही मोजकेच आकार जमतात. एर्विन श्रोडिंगर या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञांनी १९२६ साली ते आकार गणितानं काढले. प्रत्येक आकाराची एक ठरलेली ऊर्जा. म्हणून आमच्या लॅबमधली हायड्रोजनची नळी पेटवून ग्रेटिंगमधून, म्हणजे अगदी जवळजवळ रेघा असलेल्या पट्टीतून, पाहिली की अख्खं इंद्रधनुष्य दिसत नाही, वेगवेगळ्या सुट्या रेघा दिसतात. तांबडी ६५६ नॅनोमीटरची, मग निळसर ४८६, जांभळी ४३४. एका आकारातून दुसऱ्या आकारात जाताना जेवढी ऊर्जा उरते, तेवढाच प्रकाश बाहेर पडतो.

आणि मुलांचा एक जुना प्रश्न होता, ज्यावर मी दरवेळी गप्प बसायचे. पुस्तकात ऑर्बिटलचं, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन कुठं सापडेल त्या आकाराचं, डंबेलसारखं चित्र असतं, दोन फुगे, मधे एक सपाटी जिथं इलेक्ट्रॉन कधीच सापडत नाही. मुलं विचारायची, "मधे जर तो नसतोच, तर या फुग्यातून त्या फुग्यात जातो कसा?" रव्याच्या रेघेनं मला उत्तर दिलं. 'ना' वाजतो तेव्हा रेघेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी हलत असतात. थरथर रेघ ओलांडून इकडून तिकडे कशी गेली, असं कुणी विचारत नाही, कारण ती गेलेली नसतेच. आकारच तसा आहे. इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेनं गेला, हा प्रश्न आपण गोळीच्या सवयीनं विचारतो. अणूत बांधलेल्या इलेक्ट्रॉनला अशी वाट नसते, तरंगाचा आकार असतो, आणि मोजायला गेलं की त्या आकाराप्रमाणं कुठंतरी तो अख्खा सापडतो.

तबला आणि अणू एक नाहीत, हे मी मुलांनाही सांगायचे. पुडीत चामडं हलतं. इलेक्ट्रॉनच्या तरंगात हलायला चामड्यासारखं काही नाही. पुडी हळू वाजवा, जोरात वाजवा, तुमच्या हातात आहे. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. पण एका गोष्टीसाठी तबला फार उपयोगी पडतो. अण्णा म्हणायचे, लहान तोंडाचा तबला वरच्या पट्टीचा, मोठ्या तोंडाचा खालच्या. जागा लहान, तर स्वर चढा. इलेक्ट्रॉन केंद्रकात पडून का जात नाही, धन आणि ऋण तर एकमेकांना ओढतात ना? कारण त्याला जितक्या लहान जागेत कोंबाल तितकी त्याची तरंगलांबी आखूड होते, आखूड तरंगलांबी म्हणजे जास्त संवेग, जास्त संवेग म्हणजे जास्त ऊर्जा. केंद्रकाची ओढ त्याला आत खेचते आणि हा चढता स्वर बाहेर ढकलतो. दोघांचं जिथं जमतं तेवढा अणू मोठा. आपण जमिनीवर उभे राहतो, ओटा ओट्यासारखा टणक लागतो, त्याच्या मुळाशी हे आहे. मला हे कळलं त्या रात्री मी ओट्यावर हात ठेवून बराच वेळ बसले होते.

अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली. तो जुन्या पुडीचा तबला माझ्याकडं आहे. शाईच्या भेगांत अजून रव्याचे कण आहेत.

सुरगाण्याची ती मुलगी आता तिकडंच एका शाळेत शिकवते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. "ताई, नववीच्या पोरांना दाखवायचंय. ट्यूब तर नाही आमच्याकडं. काय करू?" मी म्हटलं, काळी छत्री घे, नायलॉनची, कापड जितकं बारीक विणीचं तितकं चांगलं. दिवा लांबचा आणि एकटा हवा, पन्नास पावलांवर तरी. आधी स्थिर धर, मग फिरव. त्यांना कितीही विचारू दे, लगेच सांगू नकोस.

ती म्हणाली, "रस्त्यावर एकच दिवा आहे ताई. शाळेसमोरचा."

"मग झालंच की," मी म्हटलं.